रिकाम्या हाताचा वाटा

आमची धाकटी गेल्यावर लोकांना तिचा एकदम पुळका आला. जो येतो तो मला तेच सांगतो, "काय आवाज होता हो तिचा!" अहो, होता! पण तो आवाज तिच्या कितीतरी आधी गेला. त्यानंतरही ती जगली, तुमच्याच गल्ल्यांतून फिरली, तुमच्याच दारांत आली. त्या वर्षांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून मी काढते. आमचे हे म्हणतात, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. नाही भिजत तर नाही भिजत.

मी तिची थोरली जाऊ. ती ह्या घरात आली तेव्हा मी चार-पाच वर्षं जुनी झाले होते आणि मला वाटायचं, ह्या घराचं सगळं मलाच कळतं. दोन खोल्या आमच्या, एक खोली त्यांची, स्वयंपाकघर एकच. माझे दीर फार लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. माहेरी परत जाशील का म्हणून सासूबाईंनी विचारलं, तर ही म्हणाली, "गेले तर प्रार्थनाघरात गाणार कोण?" नवरा जाऊन महिना नव्हता झाला. मला राग आला होता. म्हटलं, काय बाई ही, दुःख आहे की नाही हिला? मग एका दुपारी भांडी घासताना तिच्या हातातून पातेलं सुटलं आणि ती तिथंच खाली बसून ढसाढसा रडली, आणि रडून झाल्यावर पातेलं पुन्हा घासायला घेतलं. तेव्हा मला कळलं की हिला जगायला धरून ठेवणारी गोष्ट एकच उरली आहे.

आता प्रार्थनाघराचं सांगायला हवं. आमचं प्रार्थनाघर म्हणजे काही संगमरवरी बांधकाम नव्हे. पूर्वी तिथं पोत्यांचं गोदाम होतं. लोखंडी खांब, उंचावर बारक्या खिडक्या, लाकडी बाक आणि राखाडी फरशी. ती फरशी माझी. म्हणजे पुसायची माझी. आमच्याकडे एक रीत आहे. देवाच्या घरी बघ्यांचं काम नाही, प्रत्येकाच्या वाट्याला काहीतरी काम असतंच, आणि त्याला आम्ही 'वाटा'च म्हणतो. कुणाचा वाटा दाराचा, कुणाचा दिव्यांचा, कुणाचा पाण्याचा. वाटा सोडायचा असेल तर नुसतं सांगून चालत नाही, ज्याला द्यायचा त्याच्या हातात ती वस्तू ठेवायची. किल्ली, झाडू, घागर, जे असेल ते. हातात आलं की घेतलं. मग नाही म्हणायची सोय नाही. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात बादली ठेवली. लोकांच्या सासवा दागिने देतात.

आणि ज्याला वाटा नाही, तो पाहुणा. पाहुण्याचा मान राखतात, त्याला पाणी देतात, मागच्या बाकावर बसवतात. बस्स.

धाकटीचा वाटा गाण्याचा. आमच्याकडे वाद्य नाही. एकानं उभं राहून पहिली ओळ एकट्यानं म्हणायची, मग सगळ्यांनी उठून मागे धरायची. ही पहिली ओळ म्हणायची ना, तेव्हा मी फरशीकडे बघायची. वर बघितलं तर डोळे भरून यायचे आणि मला चारचौघांत रडायला आवडत नाही. माझा स्वतःचा आवाज म्हणजे पत्र्यावर चमचा. पहिल्या वर्षी ती माझ्या कानाशी लागून म्हणाली होती, "ताई, तुम्ही फक्त ओठ हलवा. आवाज माझा घ्या." आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. पण ओठच हलवत राहिले. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. माझ्या ओठांतून तो आवाज निघतोय असं वाटायचं.

मग तिच्या गळ्याला गाठ झाली.

आधी आवाज बसला. लोक म्हणाले, गरम पाणी प्या. मग म्हणाले, मध घ्या. ज्याला त्याला वैद्यकी येते. डॉक्टरांनी बघितलं तेव्हा गाठ पुरती मुरलेली होती. स्वरयंत्रच काढावं लागेल म्हणाले. तिनं मला विचारलं, "ताई, नाही काढलं तर किती दिवस गाता येईल?" मी म्हटलं, "मूर्ख आहेस का? मेल्यावर गाणार आहेस?" आणि मग बाहेर जाऊन दवाखान्याच्या जिन्यात तोंडावर रुमाल दाबून उभी राहिले.

ऑपरेशन झालं. ती वाचली. गळ्याला खाली एक भोक ठेवलं होतं, श्वास तिथूनच घ्यायचा. मी तिला लोकरीचा गळपट्टा विणून दिला, तो त्यावर सैलसा झाकायचा. श्वास घेताना बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. बोलायचं झालं तर ओठ हलवायचे, आणि तिचे ओठ वाचायला माझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. डॉक्टरांनी गळ्याला लावायचं एक यंत्रही दिलं होतं. तिनं ते प्रार्थनाघरात एकदाच लावलं. डब्यात माशी अडकावी तसा आवाज निघाला. पुढच्या बाकावरची पोरं फिस्सकन हसली. घरी येऊन तिनं ते कपाटात खालच्या खणात टाकलं आणि पुन्हा कधी काढलं नाही.

मोठे काका आमच्या प्रार्थनाघराचे प्रमुख. सख्खे कुणाचेच नाहीत, पण सगळे त्यांना काकाच म्हणतात. माणूस वाईट नाही, फक्त घाईचा. ती जरा हिंडू-फिरू लागल्यावर ते घरी आले आणि म्हणाले, "बाळ, गाणं रिकामं ठेवता येत नाही." गाण्याचा वाटा देताना हातात ठेवायला वस्तू नसते, म्हणून आपला हात समोरच्याच्या गळ्यावर ठेवतात. सगळ्यांसमोर धाकटीनं आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या सुनेच्या गळ्यावर हात ठेवला. ती पोरगी चांगली, घाबरलेली, तिच्याच डोळ्यांत पाणी. आणि धाकटी तिथून चालत आली ती सरळ मागच्या बाकावर येऊन बसली. कुणी सांगितलं नव्हतं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. मी त्या दिवशी काकांच्या खुर्चीखालची फरशी पुसलीच नाही.

पण ती गप्प बसणारी नव्हती. म्हणजे गप्प तर होतीच, पण बसणारी नव्हती. तिनं काकांकडून दाराचा वाटा मागून घेतला. दारात उभं राहून येणाऱ्याला "या, बसा" म्हणायचं, एवढंच काम. ही हसायची, मान लववायची. तर लोकांना वाटलं, बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार. येणारा प्रत्येक जण हिच्या कानापाशी तोंड नेऊन ओरडायचा, "कशी आहेस? बरी आहेस ना?" प्रार्थनाघर की बाजार कळेना. शेवटी काकांनी हात जोडले. मग पाण्याचा वाटा घेतला. घागर उचलताना श्वास कोंडायचा, शिट्टी जोरात वाजायची, लोक धावून यायचे आणि घागर काढून घ्यायचे. मग लहान मुलांना बसवायचा वाटा. एक छोटी मुलगी गळ्याचं भोक बघून घाबरली, रात्रभर रडली म्हणे. तिच्या आईनं येऊन गोड शब्दांत सांगितलं. गोड शब्द जास्त लागतात.

त्यानंतर ती आपल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. जेवायला हाक मारली तर यायची, दोन घास खायची, जायची. मी भांडून बघितलं, लाडानं बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. एका सकाळी मी तिचा खांदा धरून तिला वळवलं आणि म्हटलं, "काय हवंय तुला? सांग तरी!"

तिचे ओठ हलले. "देवाला माझं आता काय काम?"

मी उठून चहा टाकायला गेले.

पुढच्या प्रार्थनेला मी तिला जबरदस्तीनं नेलं आणि माझा नेहमीचा पुढचा बाक सोडून मागे तिच्याजवळ बसले. डॉक्टरांच्या सुनेनं पहिली ओळ म्हटली, सगळे उठले. मी बाजूला बघितलं तर धाकटी ओठ हलवत होती. नुसते ओठ. मी तोंड उघडलं आणि खच्चून गायले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अख्खं प्रार्थनाघर मागे वळून बघायला लागलं. आमचे हे पुरुषांच्या बाजूला डोक्याला हात लावून उभे. मी धाकटीकडे वाकून म्हटलं, "आवाज माझा घे." तिनं माझ्याकडे बघितलं आणि ती हसली. अशी हसली, अशी हसली की गळपट्ट्यातून शिट्ट्यांवर शिट्ट्या. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्याच आठवड्यात असं झालं, की आमच्या मागच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याची आई अंथरुणाला खिळली. म्हातारी शेवटच्या वळणावर होती. प्रार्थनाघरातले लोक रीतसर भेटायला जात होते, आणि प्रत्येक जण मोठ्या आवाजात देवाचं नाव घेऊन, धीर देऊन, औषध सुचवून येत होता. मी पातळसा भात केला होता, पण माझे गुडघे दुखत होते, म्हणून डबा धाकटीबरोबर पाठवला. दुपारी गेलेली बाई संध्याकाळपर्यंत परत नाही. मी बघायला गेले. घड्याळवाला दुकानाच्या फळीवर बसून डोळे पुसत होता. म्हणाला, "वहिनी, आत जाऊ नका. आई झोपलीय. किती दिवसांनी झोपलीय."

मी दारातून डोकावले. म्हातारीनं धाकटीचा हात घट्ट धरला होता. धाकटी काही करत नव्हती. नुसती बसली होती, आणि तिचा तो गळ्यातला श्वास चालू होता, आत-बाहेर, आत-बाहेर. जरा वेळ बघितल्यावर माझ्या लक्षात आलं, झोपलेल्या म्हातारीचा श्वासही त्याच लयीत चाललाय. ती रोज जायला लागली. म्हातारी गेली तेव्हा तिचा हात हिच्याच हातात होता. घड्याळवाल्यानं प्रार्थनाघरात उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं, "आई घाबरली नाही. एवढंच मला हवं होतं."

मग मोठ्या काकांनी एक नवा वाटा काढला. सोबतीचा. शेवटच्या दुखण्यात कुणी एकटं पडू नये, म्हणून जाऊन बसायचं. आधी हे काम कुणाचंच नव्हतं, म्हणजे सगळ्यांचं होतं, म्हणजे कुणीच करत नव्हतं. धाकटीला पुढच्या बाकावर बोलावलं. हातात ठेवायला काहीच नव्हतं, म्हणून काकांनी आपला रिकामा हात तिच्या हातात ठेवला आणि काढून घेतला. ती घरी आली आणि तिनं पोटभर जेवण केलं. मला वाटलं, सुटलो. देवानं ऐकलं.

काही दिवस सगळं छान होतं. "तुमची जाऊ म्हणजे देवमाणूस," लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे. पण माणसाची जात! ती ज्यांच्या घरी जायची ती माणसं जाणारीच होती, म्हणून तर ती जायची. लोकांच्या डोक्यात ते उलटं बसलं. ही येते म्हणून माणूस जातो. कुणी तोंडावर बोललं नाही. पण बेकरीत ती गेली की रांगेतल्या बायका मुलांना पलीकडे ओढायच्या. समोरून येताना दिसली की कुणाला तरी अचानक उलट्या दिशेचं काम आठवायचं. गळ्यातली शिट्टी ऐकू आली की घरातली बोलणी थांबायची.

आमच्या घरातही तेच. आमच्या ह्यांना ताप आला होता, साधाच, पण दोन-तीन दिवस उतरेना. धाकटी चहा घेऊन आत गेली तर ह्यांनी पांघरूण डोक्यावरून ओढलं आणि म्हणाले, "हिला कशाला पाठवलीस? अजून माझी वेळ नाही झाली!" म्हणे गंमत केली. मी ह्यांना असं फैलावर घेतलं की ताप तिथंच उतरला असेल. पण धाकटीनं कप ठेवला, हसली, आणि त्या दिवसानंतर आमच्या खोलीचा उंबरा तिनं ओलांडला नाही. चहा बाहेर स्टुलावर ठेवायची आणि दारावर दोनदा टिचकी मारायची.

आणि तिची कामं वाढत गेली. सकाळी जेवून निघायची ती संध्याकाळी यायची. "कुठं होतीस?" विचारलं की ओठ हलायचे, "बसले होते." कुणाकडे? ती बोट दाखवायची, त्या गल्लीत, ह्या गल्लीत. कसं आहे त्यांचं? मान हलवायची. दुसऱ्यांच्या घरातलं बाहेर आणायची नाही, ह्या एका बाबतीत आम्ही दोघी दोन टोकं. कपडे धुणं माझ्याकडे होतं. हिच्या कपड्यांना मागून रोज धुळीचा पट्टा असायचा, पावसाळ्यात चिखलाचा. घासून घासून माझी बोटं सोलायची. मी करवादायची, "अगं, लोकांच्या घरी खुर्च्या नाहीत का? कुठं लोळून येतेस?" ती कान धरायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डाग.

मग गाठ परत आली. ह्या वेळी छातीत. डॉक्टरांनी तिला नाही, मला बाहेर बोलावलं, तेव्हाच मी समजले. ती पण समजली. त्या कामात इतकी वर्षं काढल्यावर तिला काय सांगायचं?

तरीही जोवर पाय उचलत होते तोवर ती जात होती. पुढे उठणं बंद झालं. मोठे काका आले, खुर्ची ओढून बसले, आणि तसंच घाईघाईनं, प्रेमानं म्हणाले, "बाळ, खूप केलंस. आता आराम कर. सोबतीचा वाटा आम्ही उतरवून घेतो. घ्यायला कुणी तयार नाही म्हणा, पण बघू. नाहीतर बंद करू." तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले, भराभर. मी काकांना सांगितलं, "ती म्हणतेय, मला पाहुणी म्हणून मारू नका."

काका गोंधळले. "तसं नाही गं..."

"तसंच आहे," मी म्हटलं. "एकदा मागच्या बाकावर बसवलंत तिला. आता अंथरुणातून उठून मागच्या बाकावर बसायचं का तिनं? तिचा वाटा तिच्याकडेच राहील. जाणारा आपल्या हातानं देतो, ही रीत तुम्हीच सांगता ना? मग हात लावू नका." काका उठून गेले. मला म्हाताऱ्या माणसाला असं बोलायला नको होतं, पण मी बोलले आणि मला बरं वाटलं.

पण ते गेल्यावर धाकटीनं मला जवळ बोलावलं आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली. ओळखलं मी. म्हटलं, "नाही. सरळ सांगते, नाही. मला गप्प बसता येत नाही, मला मरणाची भीती वाटते, माझी फरशी आहे. मला ते नाही जमायचं. दुसरं कुणी बघ." तिनं मान हलवली. बरं, म्हणाली. वाद घातला नाही. एवढ्या लवकर ती कधीच ऐकत नसे, मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

तिच्याजवळ बसायला कुणी आलं नाही. फळं पाठवली, निरोप पाठवले. घड्याळवाला मात्र आला, पण दोन मिनिटांत हुंदका आला म्हणून उठला. उरले मी. तर मी बसायची, आणि माझं तोंड चालू. दुधाचा भाव, शेजारणीची सून, बाहेरगावी राहणाऱ्या आमच्या पोरांचे फोन, आमच्या ह्यांचं पोट. थांबले की तिचा श्वास ऐकू यायचा, घरघरणारा, म्हणून मी थांबतच नव्हते. एका दुपारी तिनं हात उचलला आणि हळूच माझ्या तोंडावर ठेवला. मी गप्प झाले. तिनं हात काढला नाही. श्वास ऐकू येत राहिला. पहिल्यांदा वाटलं, उठून पळून जावं. मग बसले. खूप वेळ बसले. खिडकीतलं ऊन अंथरुणावरून भिंतीवर गेलं. आणि कधी तरी मला जाणवलं, की मी घाबरत नाहीये. तिनं माझ्याकडे बघितलं, पोरानं पहिलं अक्षर बरोबर काढल्यावर आई बघते तसं. त्यानंतर रोज दुपारी आम्ही तशाच बसायचो. मला वाटायचं, मी तिला सोबत करतेय.

शेवटच्या दिवशी सकाळपासून तिचा श्वास तुटत होता. आमचे हे उंबऱ्याबाहेर स्टुलावर बसून राहिले, आत यायचा धीर होईना. तिनं ओठ हलवले. मला वाटलं पाणी मागतेय. नाही. पुन्हा हलवले. "गा."

"मी? अगं, शेवटचं कानावर काय पडावं, काही विचार कर!"

"गा ना, ताई."

मी गायले. पहिली ओळ, एकटीनं. तीच, जी ती म्हणायची. सूर कुठे, शब्द कुठे, मध्येच आवाज फाटला, मध्येच रडू आलं. आमचे हे बाहेर उठून उभे राहिले, प्रार्थनाघरात उठतात तसे, आणि त्यांनी मागे धरली. आणि धाकटीचे ओठ हलत होते. माझ्या आवाजावर तिचे ओठ. गाणं संपेपर्यंत तिनं माझ्या हातात हात ठेवला होता. मला वाटलं, आधाराला धरलाय. मग तिनं तो रिकामा हात सावकाश काढून घेतला आणि माझी बोटं एकेक करून माझ्याच तळव्यावर मिटली.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. "बये!" मी ओरडले, "फसवलंस मला!" तिच्या गळ्यातून एक बारीकशी शिट्टी आली. हसली ती. मी पैजेवर सांगते, हसली. त्यानंतर थोड्याच वेळात श्वास थांबला.

तिला पोचवायला हे एवढे लोक आले. जे रस्ता बदलायचे ते सगळ्यात पुढे.

पुढच्या प्रार्थनेला काका म्हणाले, "सोबतीचा वाटा रिकामा आहे. कुणाची तयारी असेल तर..." सगळे आपापल्या पायांकडे बघायला लागले. मी उठले, पुढे गेले, आणि डॉक्टरांच्या सुनेच्या धाकट्या जावेच्या हातात माझी बादली ठेवली. म्हटलं, "खांबामागची जागा सोडू नकोस, तिथं पोरं कागद टाकतात. आणि काका, तो वाटा रिकामा नाही. माझ्याकडे आहे." आमच्या ह्यांनी ह्या वेळी डोक्याला हात लावला नाही.

पहिलं घर निघालं ते बेकरीवाल्याचं. त्याच्या वडिलांचं दुखणं वाढलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले होते. जेवण करून मी निघाले. वाटेभर स्वतःला बजावत होते, गप्प बसायचं, तोंड उघडायचं नाही. दारावर टिचकी मारली. बेकरीवाल्याच्या बायकोनं दार उघडलं. माझी चांगली ओळखीची, कितीतरी वर्षं तिच्याकडून पाव घेतलाय. मला बघून तिचा चेहरा उतरला. तिनं मागे उभ्या असलेल्या मुलीला हातानं आत ढकललं आणि दार अर्धं लोटून घेतलं. खालच्या आवाजात म्हणाली, "अजून तशी वेळ आलेली नाही हो. तुम्ही इतक्यात कशाला आलात?"

मला काय काय सुचलं! जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी गिळलं. म्हटलं, "बरं. मी बाहेर बसते. लागले तर हाक मारा."

"त्याही बाहेरच बसायच्या," ती म्हणाली. "कधी कधी दिवस दिवस. आम्ही सांगायचो, जा म्हणून. आमच्या सासूबाईंच्या वेळी तर शेवटच्या दिवशी आत घेतलं आम्ही." एवढं बोलून तिनं दार लावून घेतलं.

मी पायरीवर बसले. उघडी पायरी, वर छप्पर नाही, समोर रस्ता, येणारे-जाणारे बघून नजर चुकवत होते. आतून म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. कुणी हाक मारली नाही. संध्याकाळी आतला दिवा लागला तेव्हा गुडघे धरून मी उठले, घरी आले, कपडे बदलले आणि धुवायच्या बादलीत टाकायला घेतले.

मागून धुळीचा पट्टा होता. तोच. तेवढाच रुंद, त्याच जागी.

मी ते कपडे हातात घेऊन मोरीत उभी होते. आमच्या ह्यांनी बाहेरून विचारलं, "कुठं होतीस दिवसभर?"

"बसले होते," मी म्हटलं.